लांब जाणारी भिंत

एका डोळ्याने पाहिलेल्या गोष्टीवर मालिनीबाई खानोलकरांचा कधीच विश्वास बसला नाही. तो त्यांच्या पोटापाण्याचाच भाग होता. नागपूरच्या पॉलिटेक्निकमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली ही मुलगी लग्न होऊन १९७६ साली इलिनॉयला आली आणि विमानातून जमिनीचे फोटो काढणाऱ्या एका कंपनीत लागली. तिथे तिने एकतीस वर्षं एकच काम केलं. शेजारी शेजारी काढलेले दोन फोटो यंत्रात घालायचे, एक डाव्या डोळ्यासमोर, एक उजव्या. क्षणभर सगळं धूसर दिसायचं आणि मग एकदम टेकडी वर यायची, ओढा खाली जायचा, घरांची छपरं डोळ्यांना टोचतील अशी उभी राहायची. त्या उंचसखलावरून नकाशाच्या रेषा काढायच्या. "अर्ध्या इलिनॉयच्या रस्त्यांखालची जमीन मी आधी डोळ्यांनी चालून आले आहे," असं त्या म्हणत, आणि त्यात फुशारकी फार थोडी होती.

त्यांचे यजमान श्रीराम मात्र ही संधी सोडत नसत. "हिला सपाट असं काही दिसतच नाही," ते पाहुण्यांना सांगत. "मी नुसतं 'चहा कर' म्हटलं तरी हिला त्यामागे खोल काहीतरी दिसतं."

"दिसतं ना. आळस दिसतो," मालिनीबाई म्हणत.

आता त्यांना शहात्तर वर्षं पूर्ण झाली होती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नेपरव्हिलचं घर, रविवारी नात आन्या, आणि मंगळवार-गुरुवार गावातल्या छोट्या संग्रहालयात बिनपगारी काम, असा आठवडा ठरलेला होता.

संग्रहालयात जानेवारीत एक लाकडी पेटी आली. शंभर वर्षांपूर्वी याच भागातला कोणी छायाचित्रकार पहिल्या महायुद्धात मदतपथकाबरोबर युरोपात गेला होता. तिथल्या एका बाँबहल्ल्यात सापडलेल्या शहराच्या इमारतींचे त्याने स्टिरिओ, म्हणजे दोन डोळ्यांसाठी जोडीने काढलेले, फोटो घेतले होते. पेटीवरचं शहराचं नाव ओलीने पुसलं गेलं होतं. त्याचं स्वतःचं नावही कुठे नव्हतं, फक्त निगेटिव्हच्या काचांच्या कडेला बारीक अक्षरात आकडे होते. एक ते दोनशे अठरा.

संग्रहालयात प्रीता नावाची मुलगी इंटर्नशिप करत होती. ती पुण्याहून शिकायला आलेली, शिकागोहून ट्रेनने यायची. तिने सगळ्या काचा स्कॅन करून छापल्या. लोकांना बघण्यासाठी त्यांची कार्डं बनवायचं काम मालिनीबाईंकडे आलं.

"काकू, हे सरळ चिकटवायचे ना?" प्रीताने पहिल्या दिवशी विचारलं.

"सरळ चिकटवलेस तर जग उलटं होईल. बघ."

जुन्या स्टिरिओ कॅमेऱ्याला दोन भिंगं शेजारी शेजारी असत. दोन्ही चित्रं एकाच काचेवर उमटत, पण डोकं खाली, पाय वर. काच फिरवून सरळ छापली की चित्रं सरळ होत, मात्र डाव्या डोळ्याचं चित्र उजवीकडे आणि उजव्याचं डावीकडे जाऊन बसे. म्हणून छापलेली पट्टी मधोमध कापायची, दोन तुकड्यांची अदलाबदल करायची आणि मगच पुठ्ठ्यावर चिकटवायची. विसरलं तर खड्ड्याचा उंचवटा होतो आणि लांबचं आकाश जवळच्या चिमणीच्या पुढे येऊन बसतं.

कापायचं, फिरवायचं, चिकटवायचं. दोन महिन्यांत मालिनीबाईंच्या हाताला त्याची अशी सवय झाली की भाजी चिरतानासुद्धा फोडी डावीउजवीकडे होत. प्रत्येक कार्ड झालं की त्या दोन भिंगांच्या व्ह्यूअरमध्ये घालून बघत आणि पाठीवर आकडा आणि तारीख घालत.

नुसत्या फोटोत ते विटामातीचे ढीग होते. भिंगातून पाहिलं की ढीग हनुवटीपर्यंत येई. एका घराचा दर्शनी भाग शाबूत होता, खिडक्यांना पडदे होते, दाराला पितळी कडी होती, आणि त्या खिडक्यांतून पलीकडे सरळ आकाश दिसे. मागे घरच नव्हतं. दुसऱ्या एका कार्डात तिसऱ्या मजल्याच्या उरलेल्या हातभर जमिनीवर लोखंडी पलंग अर्धा बाहेर लोंबत होता आणि त्यावर चादर नीट घातलेली होती.

"मला रात्री हे लोक दिसतात, काकू," प्रीता म्हणाली.

"लोक कुठे आहेत? एकाही फोटोत माणूस नाही."

"तेच ना."

माणसं होती, पण शेवटच्या अकरा फोटोंत. हे फोटो वेगळे होते. त्याचा दोन भिंगांचा कॅमेरा बहुतेक मोडला असावा, कारण या काचा सुट्या होत्या. साध्या कॅमेऱ्याने आधी डावीकडचा फोटो काढून, मग फळीवर कॅमेरा वीतभर उजवीकडे सरकवून दुसरा काढलेला. अशा सुट्या फोटोंना अदलाबदल लागत नाही. प्रीताने मागे पेन्सिलने 'डावा', 'उजवा' लिहून ठेवलं होतं, मालिनीबाईंनी ते तसेच चिकटवले.

दोनशे चौदा नंबरच्या कार्डात चार मजली भिंत एकटी उभी होती आणि तिच्या पायथ्याशी एक बाई आणि एक म्हातारा हातगाडीत विटा भरत होते. प्रीताने कार्ड व्ह्यूअरमध्ये घातलं आणि मान मागे घेतली.

"काकू, ही भिंत अंगावर येते."

मालिनीबाईंनी पाहिलं. खालचे दोन मजले जागच्या जागी होते. वरचा भाग मात्र पुढे आला होता, गाडीच्याही पुढे, असंभव पुढे. इतकं झुकलेलं बांधकाम उभं राहूच शकत नाही. त्यांनी भिंगं पुसली. पुन्हा पाहिलं. मग दोन्ही चित्रं बाजूला काढून पट्टीने मोजली.

"ही खोली नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "ही हालचाल आहे. त्याने डावा फोटो काढला, कॅमेरा सरकवला, काच बदलली, उजवा काढला. मध्ये मिनिट, दोन मिनिटं गेली असतील. तेवढ्यात भिंत सरकली. नुसत्या डोळ्याला दिसणार नाही इतकीच. पण दोन डोळ्यांना दोन वेगळ्या वेळा दाखवल्या, म्हणून ती पुढे आली."

"म्हणजे त्याला कळलं नाही?"

"तो कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली होता."

प्रीताने दोनशे पंधरा नंबर काढला. त्यात भिंत नव्हती. विटांचा ताजा ढीग होता, धुळीने धूसर झालेला, आणि ढिगाच्या कडेला हातगाडीचं एक चाक. त्या दुपारी दोघींनी पुढचं कार्ड केलं नाही.

घरी जाताना मालिनीबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. एकाच जागेवरून, वेगवेगळ्या वेळी काढलेले दोन फोटो. त्यांच्याकडे तसे फोटो होते.

रविवारची मराठी शाळा शेजारच्या गावात एका जुन्या विटांच्या इमारतीत भरे. पूर्वी तिथे पियानो दुरुस्तीचा कारखाना होता, आता वरचा मजला रिकामा आणि खालच्या तीन खोल्या शाळेला भाड्याने दिलेल्या. सेहेचाळीस मुलं. त्यांत आठ वर्षांची आन्या. दर गुढीपाडव्याला सगळ्या मुलांना पार्किंग लॉटमध्ये उभं करून फोटो काढायचा मान मालिनीबाईंचा. त्या फोन हातात धरत नसत. लॉटच्या टोकाला एक लोखंडी खांब होता, त्याच्या चपट्या डोक्यावर त्यांनी रंगाचा ठिपका करून ठेवला होता. त्या ठिपक्यावर फोन ठेवून काढायचा. "दरवर्षी तोच कोन, म्हणजे पोरं किती वाढली ते कळतं," असं त्यांचं म्हणणं. फोटोत डावीकडे लॉट आणि मुलं, उजवीकडे इमारतीची उंच भिंत, कडेने दिसणारी.

मार्च संपत आला होता. पाडवा होऊन दहा दिवस झाले होते. मालिनीबाईंनी गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा फोटो एकाच मापात छापून घेतला. मुलं कापून टाकली, भिंत ठेवली. आणि जेवणाच्या टेबलावर बसून कार्ड बनवलं. हिशेब सोपा होता. जुना फोटो डाव्या डोळ्याला, नवा उजव्या. मधल्या वर्षात जे काही डावीकडे सरकलं असेल ते जवळ आलेलं दिसेल, उजवीकडे सरकलं असेल ते लांब गेलेलं.

एकाच जागेवरून काढलेले फोटो, म्हणजे खरी खोली काहीच नाही. सगळं चित्र पाटीसारखं सपाट दिसलं. खिडक्या, पाण्याचा पाइप, खालच्या विटा, सगळं एका पातळीत. फक्त छपराजवळचा वरचा पट्टा त्या पातळीत नव्हता. तो शांतपणे मागे, लांब गेला होता.

लांब म्हणजे उजवीकडे. उजवीकडे म्हणजे आत. भिंतीचा माथा इमारतीच्या आत झुकत होता, आणि त्याच्या बरोबर खाली दुसरी-तिसरीच्या मुलांचा वर्ग होता.

"अहो, इकडे या."

श्रीरामांनी व्ह्यूअरला डोळे लावले. "मला दोन भिंती दिसतात."

"एकत्र होईपर्यंत थांबा."

"पन्नास वर्षं थांबलोय," ते म्हणाले, पण मग त्यांनाही दिसलं आणि त्यांनी व्ह्यूअर उजेडाकडे वळवून पुन्हा पाहिलं.

शाळेचं सगळं यशोधन बघे. चाळिशीचा, सॉफ्टवेअरमधला, भला आणि घाईतला माणूस. मालिनीबाई त्याच्या घरी कार्ड घेऊन गेल्या. त्याने आधी हसून घेतलं. "काकू, ती बिल्डिंग शंभर वर्षं उभी आहे."

"पडणारी प्रत्येक भिंत आदल्या दिवसापर्यंत उभीच असते, यशोधन."

त्याने पाहिलं. मग बायकोला दाखवलं. मग मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, माझा माणूस बघून जाईल, पण पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी. तोवर मध्ये एक रविवार होता, आणि त्या रविवारी मुलांच्या कार्यक्रमाची शेवटची तालीम. यशोधन डोकं खाजवत म्हणाला, "कॅन्सल केलं तर पेरेंट्स मला सोडणार नाहीत. हवा चांगली आहे म्हणतात, सत्तर फॅरनहाइटच्या वर. लॉटमध्ये भरवू का?"

मालिनीबाईंनी तिथल्या तिथे कागद मागितला. लॉटमध्ये वारा कुठून येतो त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ताडपत्र्यांच्या चार ओळी आखल्या, चारही भिंतीलगत. "इथे आडोसा आहे. भिंत आत झुकते आहे, बाहेर काही भय नाही. आत मात्र एकाही मुलाने पाऊल टाकायचं नाही. बाथरूमसाठी समोरच्या चर्चला विचार."

"काकू, तुम्ही नसतात तर काय झालं असतं," यशोधन म्हणाला.

घरी येताना मालिनीबाई मनातून सुखावल्या होत्या. कंपनीने त्यांची यंत्रं विकून संगणक आणले तेव्हापासून त्यांच्या दोन डोळ्यांचा कोणाला काही उपयोग झाला नव्हता. शनिवारी त्या स्वतः जाऊन लॉटमध्ये खडूने ओळी आखून आल्या. दुसरी-तिसरीची ओळ अगदी भिंतीला चिकटून. लहानांना वारा लागू नये म्हणून.

रविवारी त्या शाळेत गेल्या नाहीत. त्या आठवड्यात प्रदर्शन उघडायचं होतं आणि प्रीता सकाळीच संग्रहालयात आली होती. शाळेत चहाचं काम दर रविवारी श्रीरामांकडे असे. त्यांनी किटली, दूध आणि घडीचं टेबल गाडीत टाकलं, वाटेत आन्याला घेतलं आणि गेले. जाताना मालिनीबाईंनी आन्याची वेणी घट्ट बांधून दिली होती.

प्रदर्शनात मुलांसाठी एक टेबल होतं, 'तुमचं कार्ड तुम्हीच बनवा' असं. नमुना म्हणून प्रीताने आपल्या फोनवर संग्रहालयाच्या दाराचे दोन फोटो काढले होते, एक डावीकडून, एक पाऊलभर उजवीकडून. एका कागदावर शेजारी शेजारी छापले होते. "काकू, एवढं एक करून द्या ना."

मालिनीबाईंनी कागद मधोमध कापला, तुकडे फिरवले, चिकटवले. गप्पा मारत मारत अर्ध्या मिनिटाचं काम.

प्रीताने भिंगातून पाहिलं आणि हसली. "हे काय? पायऱ्या आत गेल्यात आणि दरवाजा आपल्या नाकावर! काकू, फोनच्या फोटोंना अदलाबदल नसते ना? तुम्हीच तर सांगितलंत."

"नसते," मालिनीबाई म्हणाल्या. "हाताची सवय. दे, पुन्हा करते."

त्यांनी सुरी उचलली. आणि तशीच धरून राहिल्या.

जेवणाचं टेबल. दोन फोटो. फोनचे. कापले, फिरवले, चिकटवले. त्यांनी हात आठवून पाहिला, डोळे नव्हे, हात. हो. फिरवले होते. दारापायऱ्यांच्या फोटोत चूक लगेच ओरडून सांगते. त्या भिंतीच्या कार्डात सांगायला काही नव्हतंच. सगळं सपाट, आणि एकच पट्टा मागे गेलेला. जुना फोटो उजव्या डोळ्याला गेला होता, नवा डाव्या. म्हणजे लांब दिसलं ते उजवीकडे नव्हे, डावीकडे सरकलेलं होतं. आत नाही. बाहेर.

बाहेर म्हणजे लॉटमध्ये. खडूच्या पहिल्या ओळीवर.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. शाळा दहाला भरली होती.

यशोधनचा फोन वाजून वाजून बंद झाला. तालमीत तो फोन गाडीत ठेवत असे. मग श्रीराम. त्यांना कमी ऐकू येई; त्यांनी पाचव्या घंटेला उचलला.

"अहो, मुलांना भिंतीपासून उठवा!"

"काय? उकळतोय, उकळतोय चहा."

"भिंत! भिंत म्हणते मी!"

"हो, हो, भिंतीलगतच बसलेत सगळे. तू आखलंस तस्सेच. अगदी शहाण्यासारखे. काळजी करू नकोस," श्रीराम मोठ्याने, समाधानाने म्हणाले. मागून मुलांचा एकसुरी आवाज येत होता, बे एके बे, बे दुणे चार. मग कानाच्या यंत्राची शिट्टी आली आणि फोन बंद झाला.

गाडी मालिनीबाईंनीच चालवली. प्रीता शेजारी बसून एकामागून एक नंबर लावत होती. रेल्वेच्या फाटकाला गाडी थांबली. मालगाडी जात होती, काळे, एकसारखे डबे, संपतच नव्हते. मालिनीबाईंनी डबे मोजायला सुरुवात केली आणि चाळीसनंतर सोडून दिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर हातगाडीचं एक चाक होतं.

"काकू, आजच पडेल असं नाही ना?" प्रीताने हळूच विचारलं.

"नाही. पण मी त्यांना तिथे बसवलं आहे."

लॉटमध्ये वारा सुटला होता. ताडपत्र्यांच्या कडा फडफडत होत्या. दूरवरून चित्र अगदी शांत दिसत होतं. भिंतीलगत मुलांच्या ओळी, मागे उन्हात खुर्च्या टाकून बसलेले आईबाप, एका टोकाला वाफाळणारी किटली. मालिनीबाई गाडीचं दार उघडं टाकून सरळ पहिल्या ओळीपर्यंत गेल्या. आन्याच्या काळ्याभोर केसांवर, भांगाशी, तांबूस पूड पडली होती. त्यांनी बोटावर घेऊन पाहिली. चुना आणि विटेची भुकटी.

"यशोधन, मुलांना उठव. आत्ता. रस्त्यापलीकडे ने."

तो जवळ आला. "काकू, काय झालं?"

"भिंत बाहेर झुकली आहे. आत नाही. बाहेर."

"पण मागच्या आठवड्यात तुम्ही अगदी उलट सांगितलंत."

"उलटंच सांगितलं. कार्ड मी उलटं चिकटवलं होतं. चूक माझी आहे. आधी मुलं उठव, मग मला काय बोलायचं ते बोल."

खुर्च्यांवरून एक बाप उठला, अनीश. त्याने भिंतीकडे वर पाहिलं, मग मालिनीबाईंकडे. "यार, ही भिंत दर आठवड्याला दिशा बदलते का?" दोघंतिघं हसले. कोणीतरी कमी आवाजात म्हणालं, "वय झालंय, काय करणार." मालिनीबाईंना ते नीट ऐकू गेलं. त्यांचे कान अजून चांगले होते.

वर कुठेतरी किर्र असा आवाज झाला, किंवा तो ताडपत्रीचा असेल.

मालिनीबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी ताडपत्रीची सुतळी सोडली, श्रीरामांच्या पिशवीतून आलं ठेचायचा बत्ता घेतला, त्याला सुतळी बांधली आणि लॉटच्या टोकाला, त्या लोखंडी खांबापाशी जाऊन हात पुढे करून उभ्या राहिल्या. ओळंबा. गवंड्याचं पोर पहिल्या दिवशी शिकतं ते. बत्ता हलत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने तो स्थिर केला.

"ये इथे. एक डोळा मीट आणि सुतळी भिंतीच्या कडेला लाव. खालच्या विटांपाशी जुळव. आता वर बघ."

यशोधनने एक डोळा मिटला. खालून वरच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत सुतळी आणि कड एक होती. तिथून पुढे कड सुतळीला सोडून डावीकडे येत होती. माथ्याशी दोन बोटं आकाश झाकलं गेलं होतं. तिथे जे असायला नको होतं ते होतं.

तो वळला, गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि इतक्या जोरात वाजवली की समोरच्या चर्चच्या पायरीवरची कबुतरं उडाली. "एव्हरीबडी अप! सगळे उठा! दप्तरं राहू देत! अनीश, त्या बाजूने घे, पळायचं नाही, चालायचं!"

सेहेचाळीस मुलं रस्ता ओलांडून चर्चच्या गवतावर गेली. मालिनीबाईंनी ती तीनदा मोजली. श्रीराम किटली घेऊन सगळ्यांत शेवटी निघाले आणि घडीचं टेबल आणायला परत वळले.

"अहो!" मालिनीबाई ओरडल्या, आणि त्या ओरडण्यात असं काही होतं की कानाचं यंत्र नसतं तरी त्यांना ते ऐकू आलं असतं. टेबल तिथेच राहिलं.

भिंत त्या दिवशी पडली नाही. लोक तासभर पलीकडून तिच्याकडे बघत उभे होते. चहा गार झाला, तालीम झाली नाही, काहींनी मुलांना लवकर घरी नेलं, आणि जाताना त्यांच्या चेहऱ्यावर हेच होतं की म्हातारीने रविवार वाया घालवला. मालिनीबाईंनी निघण्यापूर्वी खांबावरच्या ठिपक्यावर फोन ठेवून आणखी एक फोटो काढला. घरी जाऊन त्यांनी नवं कार्ड बनवलं. कापण्याआधी दोन्ही तुकड्यांच्या पाठीवर मोठ्या अक्षरात वर्ष घातलं. भिंगातून पाहिलं तेव्हा वरचा पट्टा पुढे आला होता, नेमका दोनशे चौदा नंबरसारखा.

मालकाचा माणूस मंगळवारी दोनला यायचा होता. भिंत अकरा वाजून वीस मिनिटांनी पडली. पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती, लॉट रिकामा होता. छपराजवळचा सगळा भाग एका तुकड्यात सुटला आणि बाहेर आला. यशोधनने फोटो पाठवले. विटा तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचल्या होत्या. चौथ्या ओळीची खडूची रेघ पावसाने पुसट झाली होती, तरी दिसत होती. श्रीरामांच्या टेबलाचा एक पाय ढिगाबाहेर होता.

संध्याकाळी यशोधन स्वतः आला. त्याला बसवेना. "काकू, तुमच्यामुळे पोरं वाचली," तो दोनदा म्हणाला.

"भिंतीलगत बसवा, हेही मीच म्हटलं होतं. दोन्ही वाक्यं माझी आहेत, यशोधन. लोकांना सांगशील तेव्हा दोन्ही सांग."

त्याने सांगितलं की नाही कोण जाणे. लोकांना गोष्ट एकाच बाजूची आवडते. गावातल्या मराठी मंडळाच्या पत्रकात मालिनीबाईंचा फोटो आला, खाली चार कौतुकाच्या ओळी. त्यांनी तो अंक वाचून रद्दीत टाकला.

प्रीताला भिंतीचं ते चुकीचं कार्ड प्रदर्शनात हवं होतं. मालिनीबाईंनी दिलं नाही. त्यांनी त्याच्या पाठीवर तारीख घातली, खाली लिहिलं, 'उलटं. मी चिकटवलं.' आणि ते व्ह्यूअरबरोबर आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं. टाकून द्यावं असं श्रीरामांचं मत होतं. त्यांनी खण ढकलून बंद केला.

पुढच्या रविवारी शाळा नव्हती. आन्या दिवसभर आजीकडे होती. खण उघडून तिने व्ह्यूअर काढला, आत कार्ड होतंच. मालिनीबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी पाहिलं, पण थांबवलं नाही.

आन्याने डोळे लावले. थोडा वेळ तोंड उघडं ठेवून पाहत राहिली.

"आजी, द वॉल इज गोइंग अवे. लांब चाललीये."

"हो," मालिनीबाई म्हणाल्या. "मलाही तशीच दिसली होती."